मुठीवरचा खळगा

मित्रांनो, भिंतीवर चकाकणाऱ्या माझ्या रूपाला भुलू नका. मी एक जुना विळा आहे, चांगला म्हातारा. लोहाराने मला घडवले तेव्हा माझ्या मालकाला नुकते मिसरूड फुटले होते. माझी लाकडी मूठ त्याने स्वतः तासली. लोक उगाच ‘विळ्या-भोपळ्याचे सख्य’ म्हणून आम्हाला नावे ठेवतात. मी जन्माचा वाकडा खरा, पण मालकाशी माझे कधी वाकडे आले नाही.

बांधावरचे गवत कापावे, पीक कापावे, दगडावर धार लावून पुन्हा कामाला लागावे, यातच आमची हयात गेली. एका वर्षी गारांनी उभे पीक झोपवले. मालक चिखलात बसून ज्वारीचे एकेक ताट वेचून कापत राहिला. दिवसभर तो मला घट्ट धरून होता. वर्षे गेली तसे माझे पाते झिजून बोटभर उरले, त्याची पाठ वाकली, आणि त्याचा अंगठा जिथे टेकायचा तिथे माझ्या मुठीवर खोल खळगा पडला.

मला तो कोणाला हात लावू देत नसे. एकदा ऐन कापणीत मालकीणबाई म्हणाली, “माझा बोथट झालाय. द्या की तुमचा जरा.”

“हवं तर माझा हात घे, पण विळा मागू नकोस.”

“हात घेऊन काय चाटायचाय?” ती फणकारली, आणि मग दोघेही खूप हसले.

पुढे मालक आजारी पडला, आणि एक दिवस पीक कापायचे ठेवून गेलाच. भेटायला येणाऱ्यांची रीघ आटली. मग मालकीणबाई दुपारी मला घेऊन दारात बसू लागली. त्याच्या खळग्यात ती स्वतःचा अंगठा टेकवून ठेवी. मित्रांनो, त्याने देऊ केलेला हातच ती धरून बसे. मी लोखंडाचा, पण मलाही ते सोसवत नसे.

त्यांचा मुलगा शहरात सुतारकाम करतो. बापावर त्याचा फार जीव. आईच्या मांडीवर मला पाहून त्याला वाटले, बाबांच्या विळ्याची ही दशा तिला बघवत नसेल. त्याने मला गुपचूप नेले, सरस आणि भुसा कालवून तो खळगा बुजवला, मूठ घासून गुळगुळीत केली आणि वर वॉर्निश लावले. मी आतल्या आत ओरडत होतो, पण विळ्याचे कोण ऐकतो?

“आई, बघ! बाबांचा विळा अगदी नवा केला.”

मालकीणबाईने मला हातात घेतले. तिचा अंगठा मुठीवर चाचपडला आणि घसरला. तिने मुलाकडे पाहिले. घासून घासून त्याची बोटे सोलवटली होती.

“छान केलंस हो, बाळा,” ती म्हणाली. “त्यांनी बघायला हवं होतं.”

मुलाने डोळे पुसत मला भिंतीवर टांगले.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जरूर जपा. पण त्या घासण्याआधी घरच्यांना एकदा विचारा. असा खळगा पडायला एक अख्खा जन्म लागतो. मालकीणबाई अजूनही दुपारी मला खाली काढते आणि त्याच जागी अंगठा टेकवते. तो घसरतो. ती पुन्हा टेकवते.