घड्याळाचा फ्यूज

“तिसरा मेकॅनिक हाय हा,” गणपतरावांनी दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि गाडीच्या दारातली बाटली उचलून तिच्यात थुंकले.

त्यांच्या बायकोने, देवकीने, मान फिरवली. पाण्याची जुनी बाटली ती, आता अर्धी भरली होती. सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा सकाळपासून त्यांच्या गालात असायचा. रस्त्यावर थुंकणं वाईट म्हणून बाटली, आणि ती धुवायची देवकीने. तो तांबडाकाळा चिकट गाळ मोरीत ओतताना ती अजूनही श्वास रोखून धरायची. माणसाला सवय होते म्हणतात. थुंकीची होत नाही.

बंटी मेकॅनिक स्टिअरिंगखाली डोकं घालून पडला होता. तक्रार डॅशबोर्डवरच्या घड्याळाची. गाडी सुरू केली की ते दर वेळी एक वाजल्यापासून सुरू व्हायचं. जुन्या गाडीतलं घड्याळ, कोणाचं काय अडत होतं? पण गणपतरावांना तो आपला अपमान वाटत होता. पहिल्या मेकॅनिकने ते काढून पुन्हा बसवलं. दुसऱ्याने, अमोलने, नवं घड्याळ लावून पाहिलं. त्यातही एकच वाजला. तेव्हापासून अमोल चोर आहे हे गणपतराव दारावर आलेल्या भाजीवाल्यालाही सांगायचे.

देवकीला खरं कारण ठाऊक होतं. फ्यूज तिनेच काढला होता.

तिला फक्त गाडीतला दिवा बंद करायचा होता. त्याचं बटण मोडलेलं, त्यामुळे दार उघडलं की तो लागायचाच. फ्यूजच्या झाकणावर दिव्याचं चित्र पाहून तिने तो उपसला. गाडी बंद असताना घड्याळाची वेळही त्याच्यावरच टिकते हे तिला नंतर कळलं. मोतीबिंदूमुळे गणपतराव रात्री गाडी काढत नसत, म्हणून दिव्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

रात्री जेवणं झाली की गणपतराव टीव्हीसमोर बसून खाकरत आणि हाका मारत. पाणी आण, चष्मा दे, रिमोट कुठे ठेवला. निवृत्त झाल्यापासून तर दिवसभर हेच. तेव्हा शेजारच्या प्रयागबाईकडे भजनाला जाते असं सांगून देवकी अंगणातल्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसायची. तिथे तिला कोणी हाक मारत नसे. दिवा लागला असता तर टीव्हीच्या खोलीतल्या खिडकीतून ती सरळ दिसली असती. तेवढा वेळ आपला राहावा, याहून जास्त तिला काही नको होतं.

“काका, फ्यूज उडला नाई,” बंटी बाहेर येऊन म्हणाला. “कोणंतरी काढून घेतला.” आतला दिवा त्याच फ्यूजवर लागतो आणि गाडी बंद असताना घड्याळाची वेळही त्याच्यावरच टिकते, हेही त्याने समजावलं.

गणपतरावांचा चेहरा उजळला. हे अमोलचंच काम, त्याला आत्ता इथे बोलावतो आणि चार लोकांत त्याची अब्रू काढतो, असं म्हणत त्यांनी फोन काढला. देवकीला अमोल आठवला. गणपतराव बोल बोल बोलत असताना तो खाली मान घालून पान्हा पुसत उभा होता, आणि ती बाजूला गप्प बसली होती. तिला नवऱ्याची शिसारी आली, आणि स्वतःचीही.

तिने पर्समधून रुमालाची गाठ काढली, सोडली आणि फ्यूज बंटीच्या हातावर ठेवला.

“त्या पोराले काई बोलू नका. म्या काढला.”

“काहून वं?”

“दिवा लागत होता म्हून. मी रात्री प्रयागबाईकडं नाई जात. गाडीत बसून राहते.”

“गाडीत? काय करतं तिथं?”

“काईच नाई करत.”

बंटी पुन्हा स्टिअरिंगखाली शिरला. फ्यूज बसला. मोबाइलमध्ये पाहून त्याने वेळ लावून दिली.

गणपतरावांनी गाडी घरी आणली. अंगणात गाडी बंद करून त्यांनी पुन्हा सुरू केली आणि वाकून पाहिलं.

“बरोबर दाखवून राह्यलं आता,” ते म्हणाले. तेवढंच.

रात्री ते टीव्हीसमोर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. देवकी बाहेर गेली, गाडीच्या दारातली बाटली दोन बोटांनी उचलली आणि न धुता त्यांच्या पुढ्यात टीपॉयवर आणून ठेवली. गणपतराव बाटलीकडे बघत राहिले.

“गाडीत बसते,” ती म्हणाली.

तिने मागचं दार उघडलं. दिवा लागला. विरलेली सीट, तिचे पाय, साडीचा पिको सुटलेला काठ, सगळं लख्ख दिसलं. खिडकीचा पडदा बाजूला झाला आणि तिथे गणपतराव येऊन उभे राहिले, गाल फुगलेला. देवकीने घाई केली नाही. नीट बसली, पदर आत घेतला आणि दार ओढलं.

दिवा विझला.