निवडुंगाचे व्याही

माझी पुतणी एका मोठ्या बागेच्या काचघरात वाळवंटी झाडं सांभाळते. यंदा तिच्या साहेबांनी बजावलं, "त्या म्हाताऱ्या निवडुंगाला या मोसमात फळ धरलं नाही, तर तुझा कक्ष बंद. तिथे गुलाब लावू."

आता या निवडुंगाचा तोरा बघा. शेजारच्या कुंडीतलं बुटकं झाड कळी न उघडताच आतल्या आत बी करून मोकळं होतं. हे मात्र हटून बसलेलं. स्वतःचा पराग चालायचा नाही, परक्याचाच हवा.

"परका माझ्या गच्चीवर आहे," मी म्हणालो. "खास वाळवंटातून आणलाय. तीन दिवस वादळ! उंट दमला, मी नाही."

गच्चीवरचं हे झाड मी गप्पांत इतक्यांदा वाळवंटातून आणलं होतं, की डोळ्यांत वाळू गेल्याचं मलाही आठवायचं.

पुतणीने माझा पराग कुंचल्याने दहा फुलांना लावला. आठवड्यात दहाही देठासकट गळली. आणखी दहा. तीही गळली.

ती माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "काका, फांदी तोडून दुसरीकडे लावली तरी झाड तेच राहतं, पराग स्वतःचाच ठरतो. तुमचं आलं कुठून?"

"वाळवंटातून."

"काका."

"तुझ्याच काचघरातून. तीस वर्षं झाली. कोटाच्या खिशात घालून."

"आणि उंट?"

"पायीच होतो गं."

ती हसली नाही. झाडावर शेवटच्या पाच कळ्या उरल्या होत्या. मग मी उरलंसुरलंही ओकलो. तेव्हा तिथे अशा दोन कुंड्या होत्या. मला पकडायला आलेल्या पहारेकऱ्याने दुसरीतली फांदी स्वतःच्या डब्यात घातली होती. ती कुंडी पुढे कुजली.

पहारेकरी आता निवृत्त. आम्ही त्याच्या घरी गेलो, तर आधी त्याने कानांवर हात ठेवले.

"मी कबुली दिलीय," मी म्हटलं, "आता तुझा नंबर."

त्याने गुपचूप गॅलरीचा पडदा सारला. पुरुषभर उंच, फुलांनी लगडलेलं!

पराग काड्यापेटीतून गेला. पाच फुलं, पाच फळं. अशी टरारून फुगली, की बघायला आलेले साहेब दोन पावलं मागे सरकले. गुलाबांचा विषय तिथेच मिटला.

पहारेकरी तेव्हापासून मला 'व्याही' म्हणतो आणि वरपक्षासारखा ऐटीत बसतो. पुतणीने पाटीवर लिहिलंय, 'पराग : एका निवृत्त कर्मचाऱ्याकडून सप्रेम.'

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमचं लिहायचं तर खरं लिहावं लागेल, काका. लिहू?"