गाण्याआधीची दहा सेकंदं

चष्मेवाल्यांनी घरीच बांधायला घेतलेल्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरला तिसरं वर्ष लागलं होतं. तेवढ्यात लोकांची घरं बांधून होतात, यांचं एक खोकं काही पुरं होईना. जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग त्याने केव्हाच बळकावला होता. उरलेल्या अर्ध्यावर बायको ताटं मांडायची आणि पाहुण्यांना सांगायची, "हे आमचं शेंडेफळ. अजून बोलत नाही, नुसता हुंकार देतं."

खोटं नव्हतं ते. काचेचे चारही व्हॉल्व्ह ऐटीत तापायचे आणि स्पीकरमधून घूंऽऽ सुरू व्हायचं. गाणं लागलं की घूं दबते, म्हणून तपासायला चष्मेवाले गाण्याआधीची शांतता वापरायचे. आणि ती कुणाची? तर बायकोच्या टेपची. एकोणिसाव्या वर्षी ती गायली होती, अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, घरीच रेकॉर्ड केलं होतं. पुढे अण्णा गेले, आणि गळ्याच्या ऑपरेशनने तिचं गाणंही नेलं. त्या टेपची पहिली दहा सेकंदं नवऱ्याने शेकडो वेळा ऐकली असतील. अकराव्याला बटण बंद. "घूं गेली की सगळं नीट ऐकू," हे वर.

आज मात्र तिने कंबर कसली. उद्या सकाळी तिचा भाऊ टेप कायमची घेऊन जाणार होता.

"अहो, घूं राहू दे नाहीतर जाऊ दे, आज मी ऐकणार म्हणजे ऐकणार."

"तासभर दे फक्त."

चष्मेवाल्यांनी प्लग काढला, साठलेली वीज उतरवली, खोकं उलटं केलं. झटका छातीतून जाऊ नये म्हणून एक हात खिशात ठेवायची त्यांची सवय.

"एका हाताने बांधलंत, म्हणून तीन वर्षं लागली," ती टॉर्च धरून म्हणाली. मग वाकून बघत राहिली. "सगळ्या तारांच्या जोड्यांना पीळ घातलाय. या दोघींनीच काय घोडं मारलं?"

चष्मेवाल्यांनी वाकून पाहिलं. मागे एक सॉकेट बदलताना त्या दोन तारा तशाच सरळ राहिल्या होत्या, आणि पीळ नसला की तारांतून घूं येते. त्यांनी मुकाट्याने पीळ घातला.

यंत्र सुरू केलं. घूं नाही. चष्मेवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी टेप लावली आणि चौथ्याच सेकंदाला कुणीतरी खाकरलं, मग बारीक कुजबूज आली. त्यांचा चेहरा पडला. खटकन टेप थांबली.

"खोकं रेडिओ पकडतंय गं. घूंच्या खाली लपलं होतं इतके दिवस. दहा मिनिटं दे, घालवतो." हात स्क्रू ड्रायव्हरकडे गेलासुद्धा.

तिने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"हात लावू नका. अण्णा आहेत ते."

"काय म्हणतायत?"

"'घाबरू नकोस, मी आहे ना.'" ती स्पीकरकडे वळली. "त्यांचा आवाज कुठेच उरला नाही असं वाटायचं हो मला. एवढी वर्षं."

चष्मेवाल्यांनी स्क्रू ड्रायव्हर बाजूला सारला. त्यांनी टेप मागे फिरवली, आवाज वाढवला आणि खुर्ची ओढून ते तिच्या शेजारी बसले.