देवा, आज रडकं गाणं लाव

मी एक जुना बिनतारी संच आहे, मित्रांनो. पोलंडमधल्या वॉर्सात, एका संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात बसलोय. खाली पाटी आहे: 'दोस्त राष्ट्रांच्या विजयात मोलाचा वाटा'. वाचून माझ्या पोटातल्या तारा जळतात.

माझा जन्म बिस्किटांच्या डब्यात झाला. जर्मन कारखान्यातून चोरलेले सुटे भाग जोडून हिलारीकाका नावाच्या घड्याळजीनं मला घडवलं. संदेश पाठवायची माझी कळ फेलित्सिया नावाची पोरगी दाबायची. जर्मन रॉकेटचे तुकडे कुठे पडले, सैन्याची कोणती आगगाडी पूर्वेला निघाली, सारं तिनं जीव मुठीत धरून माझ्यातून लंडनला कळवलं. लंडनहून शाबासकी यायची. शाबासकी फुकट असते.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात शहरानं जर्मनांविरुद्ध उठाव केला. गोळ्या संपत आल्या. वीजही गेली, तेव्हा काका जागेवरच सायकल मारून मला वीज पुरवू लागले. हत्यारांच्या पेट्या टाकणारी मदतीची विमानं येणार की नाही, हे लंडन रेडिओवरच्या गाण्यातून सांगायचं. संध्याकाळच्या बातम्यांनंतर नाचाचं गाणं लागलं तर येणार, रडकं लागलं तर नाही. आमच्या तळघरात लपलेल्या सगळ्यांना ऐकू यावं म्हणून माझा हेडफोन रिकाम्या पातेल्यात ठेवत. कितीतरी दिवस रडकंच लागत होतं.

"लंडनवाल्यांच्या घरात रोज कोण मरतंय?" काका म्हणायचे.

एका सकाळी फेलित्सियानं कळवलं, 'पेट्या चर्चमागच्या बागेत टाका. बाग आमच्या ताब्यात आहे.' दुपारी बाग गेली. जर्मनांनी तिथे तोफा लावल्या. ती पुन्हा कळ दाबत बसली: तिथे नको, तिथे नको. उत्तर आलं, 'निरोप मिळाला. धीर धरा.'

"धीर काय चाटायचाय?" काका भडकले. "पोरी, विमानातल्यांनाच सांग की!"

"त्यांना आपलं ऐकू येत नाही, काका. इटलीहून निघतात ती. आपलीच पोलिश पोरं. बाग म्हटलं की बागेवरच येणार, तेही छपराला पोट घासत."

संध्याकाळी सगळे पातेल्याभोवती बसले. एक म्हातारी गुडघे टेकून पुटपुटली, "देवा, आज रडकं लाव."

बातम्या संपल्या. माझ्यातून नाचाचं गाणं निघालं. ठेका झकास होता. मला ते गिळता आलं नाही, बदलता आलं नाही. काकांचे पाय थांबले, गाणं पातेल्यातच विझलं.

"थांबू नका, काका! मला अजून कळवायचंय!"

काकांनी पायडल मारलं. गाणं पुन्हा सुरू झालं.

विमानं आली. पेट्या बरोबर बागेत पडल्या, जर्मनांच्या पायाशी. एक विमान पेटून चर्चपलीकडे कोसळलं. त्यात किती जण होते, मला कोणी सांगितलं नाही.

सकाळी लंडननं विचारलं, 'माल मिळाला का?'

फेलित्सियानं कळवलं, 'मिळाला. जर्मनांना.'

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. ती रोज पुसतात, मऊ फडक्यानं. पण कोणी जिवाच्या आकांतानं हाक मारली, तर त्याला 'धीर धरा' म्हणू नका. जमत नसेल तर तसं तोंडावर सांगा. तो निदान दुसरं दार तरी ठोठावेल.