नवसाचे केस

रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्याकडे उंच इमारती उठल्या आणि आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल आला. चार वर्षांच्या निरंजनला मी तिथे एकटं कधी सोडलं नाही. ओल्या फरशीवर धावायचं नाही, खोल बाजूला जायचं नाही, हवेच्या ट्यूबवर भरवसा ठेवायचा नाही. सगळी भीती माझ्या डोक्यात पाठ होती. त्याची वेणी मात्र त्यात नव्हती.

सासूबाईंचा नवस होता. पाच वर्षं जावळ काढायचं नाही, मग कुलदेवीला जाऊन उतरवायचं. वेणी कमरेला टेकली होती.

त्या रविवारी तो लहान मुलांच्या दोन फूट पाण्यात श्वास धरून बसायचा खेळ खेळत होता. मी काठावर, हाताच्या अंतरावर. तो वर आला नाही. उतरून ओढलं, तर डोकं खालीच. भिंतीतली जाळी तुटली होती आणि पाणी खेचणाऱ्या मोटरीने वेणी आत ओढली होती.

"ओढू नका दीदी." पूल साफ करणारी शेवंताबाई मोटरीच्या खोलीकडे धावली. मोटर थांबली, पण केसांचा पीळ जाळीत तसाच. ती कात्री घेऊनच परत आली आणि माझ्या हातात दिली.

खरं सांगते, क्षणभर माझा हात थबकला. मागे सासूबाई उभ्या होत्या.

"काप ना वं," त्याच म्हणाल्या. "केस काय पाहून राहिली?"

कापले. निरंजन वर आला, खोकला, ओकला आणि मोठ्यांदा रडला. ते रडणं मी हपापल्यासारखं ऐकत राहिले. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतलं, मग घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी शेवंताबाईला पाटावर बसवून ओटी भरली. मी हळूच नवसाचं विचारलं. देवीचे केस देवीनं नेले, म्हणाल्या, आणि शेवंताबाईच्या पाया पडायला वाकल्या. ती बिचारी लाजून पाटासकट मागे सरकली.

पाणी हिरवं पडून राहिलं, मोटर लावा, म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी यशवंतराव तिच्यामागे लागले होते. शेवंताबाईने खोलीची चावी कमरेला खोचली होती.

"जाळी बसू द्या भैया. मंग घ्या."

पाचव्या दिवशी जाळी बसली. तिने ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली, मलाही हलवायला लावली आणि मगच चावी काढली.