बांधणाऱ्या हाताची वाट

वेणू विळा घेऊन नवऱ्याच्या पायाशी बसली, तर काशीराम तिच्यावर असा खेकसला की चुलीपाशी निजलेलं मांजरसुद्धा पळालं. आमच्या दोन घरांच्या मधे कुडाची भिंत. पलीकडचं गुपित अलीकडे न कळून कसं चालेल! मी उठून गेलो.

"भावजी, तुमीच सांगा यानला," वेणू म्हणाली. "पायाला वास सुटलाय. पट्टी कापते म्हनलं तं अंगावं येतान."

"जिनं बांदली ती सोरल," काशीराम म्हणाला. "तुजा हात लागला तं गुन जाईल."

आमच्या खाडीकाठच्या गावांत भगत दंडाला दोरा बांधतो, तो ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. दुसऱ्या कुणी हात लावला की दुखणं उलटतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. काशीरामनं त्या पांढऱ्या पट्टीलाही तोच नियम लावला, आणि गावात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

पट्टी बांधणारी मुलगी मुंबईच्या विद्यापीठाच्या शिबिरातली. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची पोरं शेजारच्या कोन गावच्या शाळेत मुक्कामाला आली होती. कुणी रस्त्यावर माती टाकायचं, कुणी बायकांना अक्षरं शिकवायचं, आणि डॉक्टरकी शिकणारी गावोगाव औषधं देत फिरायची. आम्ही आपले हसत होतो. घमेलं उचललं की हाताला फोड यायचे बिचाऱ्यांच्या.

पण ती दमयंती काशीरामच्या ओट्यावर येऊन बसली, त्याचा चिखलाचा पाय तिनं सरळ मांडीवर घेतला आणि कोमट पाण्यानं धुतला, तेव्हा आमचं हसू बंद झालं. शिकल्यासवरल्या माणसानं आमच्या पायाला हात लावलेला कुणी पाहिला होता!

"अवं ताय, तुमी नका," काशीराम पाय ओढायला लागला. "पाप लागंल मना."

"काका, लेकीनं पाय धुतला तर कसलं पाप?"

नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. काशीराम तिथंच विरघळला.

त्याचा तळवा शिंपल्यानं कापला होता. पाऊस सरला की मिठागराचे वाफे पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावे लागतात, नाहीतर मिठात चिखल उतरतो. ह्या कामात काशीरामसारखा पाय आमच्याकडे दुसऱ्याचा नव्हता. शेठ लोक त्याला घरी येऊन बोलावायचे. त्या पायावरच घर चाललं होतं. म्हणून जाताना दमयंती म्हणाली, "रविवारी येऊन मीच पट्टी बदलते. तोवर पाय ओला करू नका."

रविवारी काशीराम अंघोळ करून ओट्यावर बसला. वेणूनं दमयंतीच्या चहासाठी दूध मागून आणलं. दिवस मावळला तरी कुणी आलं नाही. दूध फाटलं.

मी कोनला जाऊन आलो. शाळेला कुलूप. शिबिर पेणच्या बाजूला हललेलं. विद्यापीठापुढं गावं काय थोडी होती!

"काशा, ती पोरं गेली रं," मी सांगितलं. "पनवेलच्या दवाखान्यान जाव, चल."

"येल ती. लेक म्हनून बोललीय. लेक फसवील व्हय?"

वेणूनं विळा घेतला तो त्यानंतर. तेव्हाही त्यानं ऐकलं नाही. शेवटी ताप डोक्यात जाऊन तो बरळायला लागला, तेव्हा आम्ही त्याला बैलगाडीत घालून पनवेलला नेलं. डॉक्टरांनी पट्टी कापली आणि मान फिरवली. तिथून मुंबईला नेलं, आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, "पट्टी वेळेत कुणीही सोडली असती तरी पाय वाचला असता." वेणू दवाखान्याच्या पायरीवर कपाळ बडवत होती.

पुढच्या दिवाळीला शिबिर पुन्हा आलं. काशीराम ओट्यावर जाळं विणत बसला होता. लांबून दमयंती येताना दिसली, तशी त्यानं गोधडी कमरेपासून खाली ओढून घेतली. वेणूला म्हणाला, "तोंडातून सबूद काढशील तं बग."

"काका, ओळखलंत?" ती धापा टाकत म्हणाली. "त्या रविवारी आम्हाला एकाएकी पुढं पाठवलं हो. वर्षभर मनाला लागून राहिलं. पाय बरा झाला ना?"

"बरा जाला, ताय. तुज्या हाताचा गुन."

वेणू पदर तोंडात कोंबून आत गेली. मी जाळ्याचं दुसरं टोक ओढून गाठी मारायला लागलो.

मुलगी खुलली. घरची, अभ्यासाची, कायकाय बोलत राहिली. औषधांची पेटी घेतलेल्या पोरांनी वाटेवरून हाक दिली तेव्हा उठली. "दिवाळी आहे, नमस्कार करते," म्हणत ती वाकली. काशीरामनं घाईनं गोधडीतून एक पाय पुढं केला.

तिनं त्याला हात लावला. मग दुसऱ्यासाठी तिचा हात गोधडीवरून सरकला, चाचपला, आणि तिथंच थांबला.

"येकाच पायाला वाकलीस तरी पोचला नमस्कार, ताय," काशीराम म्हणाला. "ऊठ आता."

ती उठेना.