चावणाऱ्या बुटांची बाजारपेठ

ताईनं बावीस वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून काढली होती आणि आता तिला स्वतःचा धंदा करायचा होता. कोणता, हेही तिनं मनाशी पक्कं केलं होतं. ऑपरेशन होऊन घरी परतलेल्या म्हाताऱ्या माणसांची त्यांच्या घरी जाऊन देखभाल करायची, पट्ट्या बदलायच्या, अंगं पुसून द्यायची आणि मेटाकुटीला आलेल्या घरच्यांना दोन तास मोकळं सोडायचं. हे काम तिला झोपेत उठवून सांगितलं तरी जमलं असतं. पण धंदा कसा करावा हे शिकवणाऱ्या एका वर्गाला ती संध्याकाळी जायला लागली, आणि तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी तिच्या बेताचे बारा वाजवले.

"मॅडम, तुम्हाला काय वाटतं याला काडीची किंमत नाही. लोकांना काय हवंय ते विचारून या. तीनशे फॉर्म भरून आणा, मग बोलू."

सरांनी स्वतः जन्मात कधी काही विकलं नव्हतं, वर्ग सोडून. पण पांढऱ्या फळ्यावर ते बाण फार सुरेख काढत.

ताईनं तीनशे फॉर्म छापून घेतले आणि भरून आणायचं काम धाकट्या भावाला दिलं. धाकटा चौतिशी गाठली तरी धाकटाच राहिला होता. तीन नोकऱ्या त्यानं सोडल्या होत्या, दोघींनी त्याला सोडलं होतं. "परक्या माणसावर भरवसा कसा ठेवायचा? त्यापेक्षा घरचं माणूस बरं," असं ताई म्हणाली.

पहिल्या दिवशी धाकटा अगदी मनापासून निघाला, नवेकोरे बूट घालून. चार घरं झाली तोवर दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या. लंगडत घरी येऊन त्यानं बादलीतल्या कोमट पाण्यात पाय सोडले आणि उरलेल्या दोनशे शहाण्णव फॉर्मांकडे पाहिलं. त्यावर मुख्य प्रश्न एकच होता: रोजची कोणती अडचण कुणी सोडवून दिली तर तुम्ही आनंदानं पैसे द्याल? धाकट्यानं विचार केला, आपणही लोकांतलेच की! आणि त्यानं पेन उचललं.

पुढचे तीन दिवस तो जेवढा राबला तेवढा कुठल्याच नोकरीत राबला नव्हता. चार रंगांची पेनं वापरली, कधी डाव्या हातानं लिहिलं. लिफ्ट दुरुस्त करणारा, जुळ्यांची आई, निवृत्त शिक्षिका अशी माणसं त्यानं भराभर जन्माला घातली. एका पोस्टमनला विधुर केलं, मग वाईट वाटलं म्हणून पुढच्या ओळीत त्याचं दुसरं लग्नही लावून दिलं. पण लिहिणाऱ्याचे पाय बादलीत होते, त्यामुळे माणूस कुणीही असो, त्याची अडचण बहुतेकदा फिरून तिथेच यायची. नवे बूट चावतात.

ताईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्टी घेऊन हिशेब मांडला. तीनशेपैकी दोनशे एकाहत्तर लोक चावणाऱ्या बुटांनी गांजलेले निघाले. वर्गात तो आकडा ऐकून सर खुर्चीतून उठलेच. "इतका एकमुखी बाजार मी आजवर पाहिला नाही!" लोकांचे नवे बूट आठ दिवस नोकरांनी घालून हिंडायचं आणि मऊ करून परत द्यायचे, असा धंदा त्यांनी तिथल्या तिथे काढला. प्रत्येक मापाच्या पायाचा एकेक नोकर. सरांनी काढलेला बाण फळ्याबाहेर भिंतीवर गेला.

"या चार जणांना मात्र घरच्या आजारी माणसाला सांभाळायला कुणीतरी हवंय," ताई चाचरत म्हणाली.

"असे चार तिरपागडे प्रत्येक सर्व्हेत निघतात. काढून टाका."

ताईनं घरी येऊन ते चार फॉर्म बाजूला काढले. काढण्याआधी प्रत्येक फॉर्म पुन्हा वाचला. धाकटा ते बघत होता. तिचा उत्साह ओसरेल, आठवडाभरात विसरेल, अशी स्वतःची समजूत त्यानं घातली.

सोमवारी सकाळी ताई राजीनामा पर्समध्ये घालून दारात उभी राहिली, तेव्हा तो धावत तिच्या आडवा गेला.

"ताई, जाऊ नकोस. ते फॉर्म मी घरी बसून भरलेत. ती माणसं नाहीतच."

ताईनं पर्स खाली ठेवली. "तो लिफ्टवाला?"

"नाही."

"आणि जुळ्यांची आई? अरे, तिचा फॉर्म वाचून मला रडू आलं होतं!"

"मलाही आलं होतं, लिहिताना."

"मग खरे कोणते?"

"चारच. तू काढून टाकलेस ते. तुझा आधीचा बेतच बरोबर होता, ताई. माझं चुकलं. हवं तर मार मला, पण ते पत्र देऊ नकोस."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. आता पत्र फाडेल, असं त्याला वाटलं. पण इंजेक्शन देण्याआधी ती पेशंटकडे बघून जशी हसायची, तशी ती हसली.

"माझी नोकरी जाणार म्हणून घाबरलास ना? सर म्हणालेच होते, राजीनाम्याच्या दिवशी घरचं कुणीतरी आडवं येणारच. मायेपोटी वाट्टेल ते सांगतात."

"अगं, शपथ घेऊन सांगतो—"

"हे बघ, तू माझा भाऊ आहेस, पण एकटा आहेस. तिकडे दोनशे एकाहत्तर लोक एक सांगतायत आणि तू एक सांगतोयस. तूच सांग, कुणाचं ऐकू?"

ताईनं पर्स उचलली, त्याच्या गालावर चापटी मारली आणि ती जिना उतरून गेली. धाकट्याला रडू कोसळलं. आजवर तिला मारलेली एकूणएक थाप तिनं खरी मानली होती, आणि आज त्यानं पहिल्यांदा खरं सांगितलं तर त्याच्या बाजूनं मत द्यायला दुसरा कुणीच नव्हता.